२०२ पर्यंतचा रस्ता: अमेरिकी विद्यापीठातली परकी भाषेची अट

अमेरिकेत बी.ए. पूर्ण व्हायला साधारण १२० क्रेडिट लागतात; आठवड्याला वर्गातला एक तास सेमिस्टरभर, म्हणजे साधारण एक क्रेडिट. मेजरचे (मुख्य विषयाचे) कोर्स, जनरल एज्युकेशनचे (सगळ्यांना सक्तीचे) कोर्स, आवडीचे कोर्स असं सगळं जमवत मुलं चौथ्या वर्षाला पोचतात, पदवीसाठी अर्ज करतात, आणि तेव्हा डिग्री ऑडिटच्या (पदवीच्या कोणत्या अटी पुऱ्या झाल्या ते दाखवणाऱ्या) पानावर एक ओळ अपूर्ण दिसते: परकी भाषा. क्रेडिट १२६ झालेली असतात, ग्रेड चांगल्या असतात, तरी ती ओळ जागची हलत नाही. कारण ती क्रेडिटने भरायची नसतेच. तुम्ही भाषेत कुठवर पोचलात, एवढंच ती विचारते.

या अटीबद्दलचे बहुतेक घोळ इथे सुरू होतात. विद्यार्थी मोजतात सेमिस्टर, विद्यापीठ मोजतं पातळी. ‘चार सेमिस्टर भाषा’ असं सगळे बोलतात खरं, पण कॅटलॉगमधलं (विद्यापीठाच्या नियमपुस्तकातलं) वाक्य नीट वाचलं तर बहुतेक ठिकाणी ते ‘२०२ च्या पातळीपर्यंत प्रावीण्य’ अशा अर्थाचं असतं. १०१ आणि १०२ म्हणजे पहिलं वर्ष, २०१ आणि २०२ म्हणजे दुसरं. हायस्कूलमध्ये चांगलं फ्रेंच शिकून आलेली मुलगी थेट २०२ ला बसली आणि पास झाली, तर तिची अट एका सेमिस्टरमध्ये संपते. आणि दोन सेमिस्टर स्पॅनिश, दोन सेमिस्टर जर्मन केलेल्या मुलाचे चार कोर्स होऊनही तो अर्ध्या रस्त्यातच असतो, कारण पातळी एकाच भाषेत गाठावी लागते. त्याच्या हाती उरतात दोन भाषांमधली दोन पहिली वर्षं.

प्रत्येक विद्यापीठाचं वाक्य वेगळं असतं, म्हणून दुसऱ्या विद्यापीठातल्या मित्राच्या सांगण्यावर जाऊ नये. ब्राउनमध्ये अशी सक्ती नाही. हार्वर्डमध्ये एका भाषेचं एक वर्ष. कोलंबिया कॉलेजला इंटरमीजिएटचा, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या पातळीचा, दुसरा टप्पा संपवावा लागतो. बर्कलीच्या कॉलेज ऑफ लेटर्स अँड सायन्समध्ये हायस्कूलचा तिसऱ्या वर्षाचा भाषेचा कोर्स किमान सी-मायनसने पार केलेला असेल, तर तेवढ्यावर अट पुरी होते. येलची रीत अगदी उलट: तिथे भाषा आधीपासून उत्तम येत असली तरी सुटका नाही, वरच्या पातळीचा एक कोर्स घ्यावाच लागतो. मला येलचा हा विचार मनापासून पटतो. भाषा येणाऱ्याला दारातूनच परत पाठवण्यापेक्षा त्या भाषेतलं साहित्य वाचायला बसवणं कधीही चांगलं.

एकाच विद्यापीठाच्या आतही फरक असतात. बी.ए.ला अट असते आणि त्याच विषयाच्या बी.एस.ला नसते, किंवा निम्मी असते. इंजिनिअरिंग किंवा बिझनेसच्या कॉलेजात अनेकदा ती अजिबात नसते. मग दुसऱ्या वर्षी कोणी इंजिनिअरिंग सोडून अर्थशास्त्राच्या बी.ए.ला येतो आणि चार सेमिस्टरांचं काम अचानक समोर उभं राहतं. याशिवाय ‘कॅटलॉग इयर’ नावाची भानगड आहे. तुम्ही प्रवेश घेतला त्या वर्षीच्या कॅटलॉगमधले नियम साधारणपणे तुम्हाला लागू होतात. पण मध्येच शिक्षण थांबवून काही काळाने परतलात, तर बऱ्याच ठिकाणी नवा कॅटलॉग गळ्यात पडतो. वेबसाइटवर दिसतो तो नियम यंदा प्रवेश घेणाऱ्यांचा असतो. तुमचा नियम जुन्या कॅटलॉगच्या पीडीएफमध्ये असतो.

पातळीची ही भाषा कुठून आली तेही समजून घ्यायला हवं. १९५७ साली सोव्हिएत संघाने स्पुटनिक उपग्रह सोडला आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेने नॅशनल डिफेन्स एज्युकेशन अ‍ॅक्ट केला. त्यातून विद्यापीठांमधल्या भाषा-केंद्रांना सरकारी पैसा मिळू लागला. तरी १९७९ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी नेमलेल्या आयोगाने अमेरिकी लोकांच्या परभाषांमधल्या अज्ञानावर फार कडक शब्दांत ताशेरे ओढले. वर्षानुवर्षं वर्गात बसून मुलांना बोलता का येत नाही, हा प्रश्न त्या काळात ऐरणीवर आला. सरकारी खात्यांकडे भाषा जोखायची शून्य ते पाच अशी एक मोजपट्टी होती. तिच्यावरून अ‍ॅक्टफल या भाषाशिक्षकांच्या संस्थेने कॉलेजांसाठी आपली पट्टी बनवली आणि १९८६ मध्ये ती प्रसिद्ध झाली. नॉव्हिस, इंटरमीजिएट, अ‍ॅडव्हान्स्ड आणि सुपीरिअर या पायऱ्या तिच्याच. वर डिस्टिंग्विश्ड ही पायरी नंतर जोडली गेली. पहिल्या तीन पायऱ्यांचे प्रत्येकी लो, मिड, हाय असे तीन भाग पडतात. आज एखादा विभाग ‘इंटरमीजिएट मिड हवं’ म्हणतो तेव्हा तो या पट्टीवरचं बोलत असतो.

आता कोर्सचा रस्ता. पहिल्या वर्षाचे कोर्स बहुधा चार किंवा पाच क्रेडिटचे असतात, दुसऱ्या वर्षाचे तीन किंवा चार. चार, चार, तीन, तीन धरले तर १४ क्रेडिट होतात. आठवड्याला क्रेडिटइतके तास आणि १५ आठवड्यांचं सेमिस्टर धरलं, तर वर्गातले २१० तास. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूट इंग्रजी भाषकाला कामापुरती पक्की भाषा यायला स्पॅनिश-फ्रेंचसाठी ६०० ते ७५० तास धरते; जपानी, चिनी, कोरियन, अरबीसाठी २२००. म्हणजे तेच २१० तास स्पॅनिशमध्ये जवळजवळ तिसरा हिस्सा रस्ता कापतात आणि जपानीत जेमतेम दहावा. म्हणूनच समजूतदार विभाग स्पॅनिशकडून इंटरमीजिएट मिड मागतात आणि चिनी-जपानीकडून एखादी पायरी खालची. भाषा निवडताना हा हिशेब डोळ्यांसमोर ठेवावा. जपानीची ओढ असेल तर जपानीच घ्यावी, ओढ असलेली भाषाच शेवटपर्यंत टिकते. मात्र आठवड्याचे गृहपाठाचे तास दुप्पट धरूनच वेळापत्रक आखावं.

भाषेचे कोर्स एकामागून एक, खंड न पाडता घ्यावेत. या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त नुकसान कशाने होत असेल तर मध्ये पडलेल्या खंडाने. पहिल्या वर्षी १०१ केलं, मग मेजरच्या गडबडीत भाषा बाजूला ठेवली, तिसऱ्या वर्षी १०२ ला जाऊन बसलं, की पहिल्याच आठवड्यात पाय लटपटतात. क्रियापदांची रूपं विरलेली असतात, कान उतरलेला असतो, आणि शेजारी बसलेली मुलं गेल्याच सेमिस्टरला १०१ करून आलेली असतात. शिवाय बऱ्याच विभागांत १०१ फक्त फॉलमध्ये (वर्षाच्या पहिल्या सेमिस्टरला) आणि १०२ फक्त स्प्रिंगमध्ये (दुसऱ्या सेमिस्टरला) असतं. एक सेमिस्टर हुकलं तर वर्ष जातं. लहान भाषांमध्ये आणखी एक धोका असतो. मॉडर्न लँग्वेज असोसिएशनच्या पाहणीनुसार २०१६ ते २०२१ या काळात इंग्रजीखेरीज इतर भाषांच्या वर्गांतली नोंदणी १६.६ टक्क्यांनी घसरली. घसरणीचा फटका आधी बसतो तो दुसऱ्या वर्षाच्या छोट्या वर्गांना: १०१ ला १८ मुलं, २०१ ला पाच, आणि पुरेशी नोंदणी नाही म्हणून वर्ग रद्द. त्यामुळे कमी शिकवली जाणारी भाषा घेण्याआधी विभागात जाऊन विचारावं की गेली तीन वर्षं २०१ आणि २०२ प्रत्यक्षात भरले का. कॅटलॉगमध्ये कोर्स छापलेला आहे याला उत्तर समजू नये.

हायस्कूलमध्ये भाषा झालेली असेल तर आधी प्लेसमेंट टेस्ट, म्हणजे कुठल्या पायरीवर बसायचं ते ठरवणारी चाचणी, येते. ती बहुधा ऑनलाइन असते, अर्ध्या तासाची, उत्तरांप्रमाणे प्रश्न सोपे-अवघड होत जाणारी. इथे काही मुलं मुद्दाम चुकीची उत्तरं देतात, म्हणजे १०१ ला बसून सहज ए मिळेल. हे करू नये. एक तर हायस्कूलची दोन-तीन वर्षं ट्रान्स्क्रिप्टवर दिसत असतात आणि अनेक विद्यापीठं अशा विद्यार्थ्याला १०१ चं क्रेडिटच देत नाहीत. दुसरं म्हणजे खालून सुरुवात केली तर चढायच्या पायऱ्या वाढतात, आणि इथे तर वर पोचण्यालाच मोल आहे. तिसरं कारण पैशांचं. अनेक सरकारी विद्यापीठांत मागाहून क्रेडिट मिळण्याची सोय असते, तिला रेट्रो क्रेडिट म्हणतात. तुम्ही २०१ ला बसलात आणि बी किंवा वरची ग्रेड मिळवलीत, तर न घेतलेल्या १०१ आणि १०२ चीही क्रेडिट खात्यावर जमा होतात. मॅडिसनच्या विस्कॉन्सिन विद्यापीठात ही सोय आहे, पण तो कोर्स पहिल्या ३० क्रेडिटच्या आत घ्यावा लागतो. अशी मुदत बऱ्याच ठिकाणी असते. तिसऱ्या वर्षी तोच कोर्स तितक्याच चांगल्या ग्रेडने पार केला तर अट पुरी होते, क्रेडिट मात्र हुकलेली असतात.

प्लेसमेंट टेस्टचा निकाल म्हणजे अट पूर्ण झाल्याचा दाखला, असा समज सर्रास आहे. प्लेसमेंट फक्त कुठल्या वर्गात बसायचं ते सांगते. काही ठिकाणी २०२ च्या वर प्लेस झालात तर अट सुटते. काही ठिकाणी घरी, कोणाच्या देखरेखीशिवाय दिलेली टेस्ट म्हणून ती धरत नाहीत आणि वेगळी, निगराणीखालची परीक्षा मागतात. उन्हाळ्यात टेस्ट दिली तेव्हाच भाषा विभागाला हे ईमेलने विचारून लेखी उत्तर घेऊन ठेवावं.

ग्रेडचाही एक सापळा आहे. भाषेचा कोर्स अवघड जातोय म्हणून मुलं तो पास-फेलवर टाकतात. पुष्कळ विद्यापीठांत अटीसाठीचा कोर्स लेटर ग्रेडनेच व्हावा लागतो आणि किमान सी किंवा सी-मायनस लागते. डी मिळाली तर क्रेडिट मिळतात पण पुढच्या पायरीवर जाता येत नाही.

उन्हाळी कोर्सचं गणित निराळं. सेमिस्टरचा मजकूर पाच-सहा आठवड्यांत, रोज तीन-चार तास. खंड पडत नसल्याने भाषा चांगली बसते. पण आजारपणात तीन दिवस बुडाले तर आठवड्याहून जास्त अभ्यास बुडतो, आणि तो भरून काढणं जवळजवळ अशक्य असतं. नोकरी करत उन्हाळी भाषा करू नये, हे माझं ठाम मत आहे.

स्वस्त पडतं म्हणून कम्युनिटी कॉलेजमध्ये (दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजात) भाषा करून आणणारे खूप असतात, आणि ते शहाणपणाचंच आहे. मात्र तिथला २०२ तुमच्या विद्यापीठात २०२ म्हणूनच धरला जाईल का, हे आधी समतुल्यतेच्या यादीत पाहावं. यादीत नसेल तर सिलॅबस पाठवून लेखी मान्यता घ्यावी आणि मगच फी भरावी. क्वार्टर पद्धतीच्या कॉलेजमधून सेमिस्टर पद्धतीच्या विद्यापीठात येताना क्रेडिटचे दोन-तृतीयांश होतात: १५ क्वार्टर क्रेडिटची १० सेमिस्टर क्रेडिट. पातळी कमी होत नाही, फक्त बेरीज कमी होते. पण क्वार्टर पद्धतीत वर्षाचे तीन भाग असतात. दोनच भाग करून आलात तर तुम्ही १०१ आणि १०२ च्या मध्ये कुठेतरी लोंबकळता आणि १०२ पुन्हा करायला लागतं. ट्रान्सफर करायचीच असेल तर वर्ष पूर्ण करून करावी. शेवटची ३० क्रेडिट आपल्याच विद्यापीठात करण्याचा नियमही बऱ्याच ठिकाणी असतो, त्यामुळे शेवटच्या सेमिस्टरला बाहेरून भाषा आणणं जमतंच असं नाही.

परीक्षेचा रस्ता ज्यांना भाषा आधीपासून येते त्यांच्यासाठी. इथे पहिल्यांदा हे मनात पक्कं करावं की अट सुटणं आणि क्रेडिट मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विभागाची स्वतःची परीक्षा पास झालात तर सहसा फक्त अट सुटते. १४ क्रेडिट दुसऱ्या कोर्सनी भरून १२० करावीच लागतात. एपी (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट) आणि क्लेप (कॉलेज-लेव्हल एक्झामिनेशन प्रोग्रॅम) या कॉलेज बोर्ड नावाच्या परीक्षा-संस्थेच्या परीक्षांनी क्रेडिट मिळू शकतात. एपी हायस्कूलमध्येच होते. पाचापैकी तीन गुणांना पास म्हणत असले तरी भाषेसाठी बरीच विद्यापीठं चार किंवा पाच मागतात. जुन्या पानांवर अजून सॅट सब्जेक्ट टेस्टचे गुण छापलेले दिसतात. ती परीक्षा २०२१ मध्येच बंद झाली, तिच्या मागे लागू नये.

क्लेप फक्त स्पॅनिश, फ्रेंच आणि जर्मनमध्ये आहे. साधारण दीड तास, ऐकणं आणि वाचणं. स्पॅनिशची लेखनासह वेगळी परीक्षाही मिळते. गुण २० ते ८०. अमेरिकन काउन्सिल ऑन एज्युकेशनच्या शिफारशीप्रमाणे ५० गुणांना पहिल्या वर्षाची क्रेडिट, आणि दुसऱ्या वर्षाच्या पातळीसाठी फ्रेंचमध्ये ५९, जर्मनमध्ये ६०, स्पॅनिशमध्ये ६३. ही शिफारस आहे, हुकूम नाही. विद्यापीठ आपला आकडा स्वतः ठरवतं. नापास झालात तर तीन महिने थांबावं लागतं. या परीक्षेत एक शब्दही बोलावा लागत नाही, त्यामुळे काही भाषा विभाग तिची क्रेडिट देतात पण अट पूर्ण मानत नाहीत. शंभरएक डॉलर आणि परीक्षा केंद्राची फी भरण्याआधी विद्यापीठाच्या क्लेपच्या तक्त्यात कोर्स नंबर पाहावा. तिथे ‘२०२’ लिहिलेलं असेल तर काम होईल. नुसतं ‘निवडीचे क्रेडिट’ लिहिलेलं असेल तर ती ओळ तशीच अपूर्ण राहील.

अ‍ॅक्टफलची तोंडी मुलाखत, तिला सगळे ओपीआय म्हणतात, ही यातली सर्वांत खरी परीक्षा आहे असं मला वाटतं, आणि तीच लोकांना सर्वांत कमी कळलेली आहे. फोनवर वीस ते तीस मिनिटं प्रशिक्षित परीक्षक तुमच्याशी बोलतो; संभाषण रेकॉर्ड होतं. ठरलेली प्रश्नपत्रिका नसते. तुम्ही जे सांगता त्यातूनच पुढचा प्रश्न निघतो. सुरुवात हलकी असते: कुठे राहता, काय शिकता. तिथे तुम्ही सहज बोललात की परीक्षक एक पायरी वर चढतो, अडखळलात की खाली येतो, पुन्हा वर जाऊन बघतो. तुम्ही न ढळता उभे राहू शकता ती पायरी कोणती आणि तुमचा तोल जातो ती कोणती, या दोन्ही त्याला शोधायच्या असतात. म्हणजे मुलाखतीत कुठेतरी तुमची त्रेधा उडणारच, ती उडावी अशीच तिची रचना असते. अवघड प्रश्न आला म्हणून घाबरून जाणारे इथेच फसतात. अवघड प्रश्न आला म्हणजे आधीची पायरी तुम्ही पार केलीत, एवढाच त्याचा अर्थ.

इंटरमीजिएट आणि अ‍ॅडव्हान्स्ड यांच्यातली सीमा कुठे असते ते एका प्रश्नावरून दिसतं. समजा परीक्षकाने विचारलं: प्रवासात कधी काही बिनसलं असेल तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगा. स्पॅनिश बोलणारा उमेदवार सुरू होतो. पाऊस पडत होता, आम्ही थांब्यावर उभे होतो, तेवढ्यात बस निघून गेली. यात पाऊस पडणं आणि उभं असणं ही पार्श्वभूमी, बस जाणं ही घटना. स्पॅनिशमध्ये या दोन्हींसाठी क्रियापदाचे दोन वेगळे भूतकाळ लागतात, फ्रेंचमध्येही तसंच. पहिली तीन वाक्यं बरोबर येतात. चौथ्यापासून उमेदवार नकळत वर्तमानकाळात घसरतो: मग आम्ही फोन करतो, मग तो म्हणतो. गोष्ट कळते, पण काळ टिकत नाही, आणि वाक्यं एकमेकांना न जोडता सुटी पडत जातात. असंच होत राहिलं तर निकाल येतो इंटरमीजिएट हाय. अ‍ॅडव्हान्स्डची कामं त्याला बऱ्याचदा जमतात, सातत्याने जमत नाहीत. २०२ च्या अटीसाठी हे पुरतं. पण ज्या विद्यापीठांना शिक्षक होऊ पाहणाऱ्यांकडून अ‍ॅडव्हान्स्ड लो हवं असतं, तिथे हीच घसरण नडते.

तयारीही त्या धोरणानेच करावी. शब्दांच्या याद्या घोकून या मुलाखतीत फार काही साधत नाही. पाठ केलेलं बोलणं परीक्षक दुसऱ्या प्रश्नात ओळखतो आणि विषय बदलतो. रोज एक घटना भूतकाळात, दीड-दोन मिनिटं, न थांबता सांगायची, रेकॉर्ड करायची आणि ऐकताना फक्त क्रियापदं तपासायची. एखाद्या जागेचं वर्णन, दोन गोष्टींची तुलना, आणि अडचण सोडवायचा प्रसंग याचाही सराव हवा, कारण मुलाखतीत एक छोटं नाट्य करावं लागतं: हॉटेलात पोचलात, बुकिंग सापडत नाही, बोला. आणि उत्तरं लांब द्यावीत. ‘हो’, ‘छान होतं’ अशी तोकडी उत्तरं देणाऱ्याला भाषा येत असली तरी परीक्षकाकडे गुण द्यायला काही सापडत नाही.

याच मुलाखतीचं संगणकावरचं रूप ओपीआयसी. त्यात सुरुवातीला तुम्हाला स्वतःच्या भाषेची पातळी निवडायला सांगतात आणि त्याप्रमाणे प्रश्नसंच मिळतो. नम्रपणे खालची पातळी निवडली तर प्रश्न सोपे येतात, आणि त्या संचाची कमाल मर्यादाच खाली असते; कितीही सुंदर बोललात तरी त्या मर्यादेच्या वर निकाल जात नाही. तिथे भिडस्तपणा कामाचा नाही. याच संस्थेची लेखी परीक्षा निराळी असते: ८० मिनिटांत चार मजकूर लिहायचे.

घरी दुसरी भाषा बोलत वाढलेल्या मुलांचं काय, हा प्रश्न मराठी वाचकांच्या मनात सगळ्यात आधी येतो. अमेरिकेत वाढलेल्या, घरात मराठी बोलणाऱ्या मुलाची भाषेची अट मराठीने सुटते का? बऱ्याच ठिकाणी तत्त्वतः सुटते. नियमात क्वचितच ठरावीक भाषांची यादी असते. अडतं ते तपासणार कोण यावर. विद्यापीठात मराठी जाणणारा प्राध्यापक असेल तर तो परीक्षा घेतो. नसेल तर बाहेरच्या परीक्षा-संस्थेच्या यादीत मराठी आहे का ते पाहायचं. तेही नसेल तर अर्ज करून दुसऱ्या विद्यापीठातल्या अभ्यासकाकडून परीक्षा घेण्याची परवानगी मागायची. नातेवाईक किंवा ओळखीच्या मंडळींची पत्रं चालत नाहीत. आणि या सगळ्याला एक सेमिस्टर सहज लागतं.

अशा मुलांचा अडथळा बोलण्यात नसतो. जेवण, नातीगोती, सणवार यांवर ती उत्तम बोलतात. शिक्षण, निवडणूक, पर्यावरण असा विषय निघाला की वाक्यातले निम्मे शब्द इंग्रजी होतात, आणि अमूर्त विषयावर सलग परिच्छेद बोलणं ही वरच्या पायऱ्यांची अटच आहे. दुसरा अडथळा लिपीचा. बाहेरची परीक्षा लेखनही मागत असेल तर देवनागरी हाताने किंवा कीबोर्डवर लिहिता यायला हवी. दोन-तीन महिने रोज एक परिच्छेद लिहून ही उणीव भरून निघते, त्यासाठी मराठी सोडून स्पॅनिश १०१ कडे वळायची गरज नाही. घरची भाषा कागदावर आणायची संधी विद्यापीठ स्वतःहून देत असेल तर ती घ्यावी असं मला कळकळीने वाटतं. ज्यांना मराठीच रीतसर शिकायची आहे त्यांच्यासाठी अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचा मराठीचा वर्ग पुण्यात चालतो. तिथली क्रेडिट आपल्या विद्यापीठात कशी धरली जातील ते निघण्याआधी लिहून घ्यावं.

भारतातून थेट बी.ए.ला गेलेल्यांसाठी नियम वेगळा असतो. ज्यांचं माध्यमिक शिक्षण इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेतून झालं, त्यांना अनेक विद्यापीठं अटीतून सूट देतात. मराठी माध्यमातल्या विद्यार्थ्याला शाळेच्या माध्यमाचा दाखला पुरतो. इंग्रजी माध्यमात शिकून मराठी एक विषय म्हणून घेतलेल्याला मात्र काही ठिकाणी गुणपत्रिकेवर सूट मिळते, काही ठिकाणी परीक्षा द्यावी लागते. सूट म्हणजे क्रेडिट नव्हेत, हे इथेही लागू.

वाचन-अक्षमता किंवा श्रवणाशी निगडित अडचण असलेल्यांसाठी पर्यायी कोर्सची सोय असते. इथे अशाच विद्यार्थ्यांनी बॉस्टन विद्यापीठाविरुद्ध केलेला गुकेनबर्गर खटला महत्त्वाचा. १९९७ मध्ये न्यायालयाने म्हटलं की पर्यायी कोर्स नाकारायचे असतील तर विद्यापीठाने तज्ज्ञांकडून रीतसर, विचारपूर्वक निर्णय घ्यायला हवा. तसा विचार झाल्यावर १९९८ मध्ये विद्यापीठाचा नकार न्यायालयाने मान्य केला. म्हणजे पर्याय मिळणं हा आपोआप लागू होणारा हक्क नाही, विद्यापीठागणिक बदलणारी गोष्ट आहे. संपूर्ण माफी विरळाच. त्याऐवजी त्या भाषेच्या प्रदेशाचा इतिहास, भाषांतरित साहित्य असे दोन ते चार कोर्स देतात. दोनदा नापास होऊन, ग्रेड पॉइंट बुडवून मग डिसॅबिलिटी ऑफिसकडे जाणारी मुलं बघवत नाहीत. कागदपत्रं पहिल्याच सेमिस्टरला द्यावीत.

पीएच.डी.ची वाचन-परीक्षा हा स्वतंत्र विषय, एवढंच सांगतो. तिथे बोलायचं नसतं, साधारण पानभर मजकूर शब्दकोश घेऊन दोनेक तासांत भाषांतरित करायचा असतो. जर्मनमध्ये वेळ संपतो तो शब्दकोश चाळण्यात. कधी क्रियापदच वाक्याच्या शेवटी असतं, कधी त्याचा उपसर्ग तुटून वाक्याच्या टोकाला जातो, त्यामुळे पूर्ण वाक्य वाचून क्रियापद ठरवल्याशिवाय शब्दकोश उघडूच नये.

परीक्षा दिली, कोर्स झाला, सूट मिळाली, यांपैकी काहीही झालं तरी नोंद आपोआप होईल असं धरून चालू नये. बाहेरच्या परीक्षेचा निकाल अधिकृत प्रतीतच आणि परस्पर रजिस्ट्रारकडे जावा लागतो. अनधिकृत रेटिंग किंवा स्क्रीनशॉट चालत नाही. परीक्षेच्या नोंदणीत नाव आणि जन्मतारीख विद्यापीठाच्या नोंदीशी अक्षरशः जुळायला हवी, वडिलांचं नाव एकीकडे आणि दुसरीकडे नाही एवढ्यानेही निकाल अडकतो. काही ठिकाणी निकाल दोन वर्षांपेक्षा जुना चालत नाही. ओपीआय पुन्हा द्यायची तर ९० दिवस थांबावं लागतं, म्हणून मे महिन्यात पदवी हवी असेल तर पहिला प्रयत्न आधीच्या फॉलमध्येच व्हावा. विभागप्रमुखांनी ईमेलमध्ये ‘तुमची अट पूर्ण’ म्हटलं तरी ते ईमेल ऑडिटला दिसत नाही. त्यांनी सूट-अर्ज भरून पुढे पाठवावा लागतो. तो पाठवल्यावर दोन आठवड्यांनी ऑडिट उघडून पाहावं, ओळ अपूर्णच असेल तर ईमेलची आणि निकालाची प्रत घेऊन रजिस्ट्रारच्या कार्यालयात जावं आणि नोंद पडद्यावर दिसेपर्यंत तिथून हलू नये.